बाई आणि बाराशे अंशांची झिलई

बाई, आधी माझ्या शेडमधून निघून गेलात आणि मग एकदम गेलातच. ही काय रीत झाली? वर्गातून कुणी न विचारता उठला तर तुम्ही त्याला तास संपेपर्यंत दाराबाहेर उभं करायचात. आता तुम्हाला कुणी जाब विचारायचा?

काल तुमचा तेरावा झाला. मी आलो होतो. पानावर बसलो आणि नुसतं ताक पिऊन उठलो. जेवणं आटपल्यावर वहिनींनी, म्हणजे तुमच्या भावजयीनं, मला तुमच्या खोलीत नेऊन जे दाखवलं ते सांगेनच. पण आधी जे तुमच्यासमोर बसून सांगायला हवं होतं ते सांगतो. मे महिन्यात परक्या माणसादेखत मी तुम्हाला जे बोललो ते साफ चूक होतं. झिलई तुमची बरोबर होती. हे मला जुलैतच कळलं होतं. आणि सप्टेंबर उजाडला तरी मी तुमच्या दारात आलो नाही. मिरजोळ्यातली माझी शेड ते खालच्या आळीतलं तुमचं घर, सायकलनं पाऊण तासही लागत नाही. लाज वाटते बाई, दुसरं काय सांगू.

मी कुंभाराचा पोरगा, तुमच्या रसायनशास्त्रात काठावर पास. तेही तुम्ही हात सैल सोडलात म्हणून, असं मी म्हणायचो आणि तुम्ही म्हणायचात, "छे रे, मी कशाला सोडते! तुझे तुला पडले तेवढेच." बाप चुली, माठ, पणत्या करणारा. मला मात्र खूळ लागलं चकचकीत कपबशांचं. औद्योगिक वसाहतीत शेड मिळाली, विजेची भट्टी आली, तेव्हा बाप मुद्दाम बघायला आला. भट्टीभोवती एक फेरी मारली नि म्हणाला, "ह्यात लाकूड घालायचं कुठनं?" मी म्हटलं, विजेवर चालते. "मंग इज गेली की काय करनार? फुंकनार?" माझा गडी तोंड फिरवून हसला.

बाप चेष्टा करत होता, पण खरी अडचण निराळीच होती. झिलई म्हणजे भांड्यावरचा काचेचा थर. तो भट्टीत नीट वितळून भांड्याला धरायला हवा. मला पुस्तकांतून मिळाल्या त्या झिलया एकतर तेराशे अंशांच्या, मोठ्या कारखान्यांच्या, नाहीतर हजार-अकराशेच्या, शिसं घातलेल्या. माझ्या भट्टीच्या तारा बाराशेवीसच्या वर टिकत नव्हत्या. म्हणजे वरचं जमत नाही, खालचं नको, आणि मधलं कुणी लिहून ठेवलेलं नाही. वर्षभर मी याला त्याला विचारून झिलया लावल्या. कधी साखर सांडल्यासारखी खरखरीत, तर कधी ओघळून भट्टीच्या फळीला अशी चिकटलेली की कप फोडूनच काढायचा. शेवटी अडला हरी म्हणतात तसा तुमच्याकडे आलो. म्हणीतलं पुढचं म्हणत नाही, कारण गाढव तुम्ही मला म्हणायचात.

तुम्ही निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. ओटीवर कोकमं वाळत घालत होतात. मी तो खरखरीत कप पुढे केला. तुम्ही चष्मा कपाळावर चढवलात, कप अगदी डोळ्यांशी नेलात, नखानं खरवडलात. "अरे गाढवा, ही उपाशी आहे," म्हणालात. "वितळायला हिला आणखी काहीतरी हवंय. काय काय घातलंस ते सांग." मी सांगत गेलो. तुम्ही कोकमाचे लाल हात पदराला पुसून पेन्सिल मागितलीत आणि ओटीवरच मांडी घालून आकडेमोड सुरू केलीत. वहिनींनी आतून दोनदा चहाला हाक मारली, तुम्ही ओ दिली नाहीत.

मग ते आपले रविवार. सकाळी सगळी आळी टीव्हीपुढे हात जोडून बसायची आणि तुम्ही छत्री नि तराजू घेऊन एसटीत. कंडक्टर विचारायचा, बाई, सोनं विकायला चाललात काय? तुम्ही शेडमध्ये आलात की माझ्या गड्याची पण पंचाईत, बिचारा विडी ओढायला पार रस्त्यापलीकडे जायचा. माझ्या डब्यातल्या सुक्या बांगड्याच्या वासानं तुम्ही हळूच खिडकीकडे सरकायचात, पण बोलला नाहीत कधी. मे महिन्यात फणसाची सांदणं आणायचात. मी पाच खायचो, तुम्ही एक.

तुमचा नियम एकच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. बोटाएवढ्या मातीच्या पट्ट्या करायच्या, प्रत्येकीवर नंबर घालायचा, फेल्डस्पार, म्हणजे त्या नावाच्या दगडाची भुकटी, वाढवला तर फक्त फेल्डस्पार, खडूची पूड वाढवली तर फक्त खडूची पूड. मी कंटाळून जायचो. एकदा घाईत खडू वाढवला आणि गारेची पूड कमी केली, दोन्ही एकदम. पट्टी अशी सुरेख निघाली की मी शेडभर नाचलो. तुम्ही पट्टी हातात घेतलीत, बघितलीत, छान आहे म्हणालात. मग विचारलंत, "कशानं झालं?" मला सांगता येईना. "मग ती झालीच नाही," असं म्हणून तुम्ही ती फुटक्या भांड्यांच्या बादलीत टाकून दिलीत. मी दोन दिवस धुसफुसत होतो. तुम्ही घरी गेल्यावर ती पट्टी मी बादलीतून काढून खिशात घातली हे तुम्हाला कधी सांगितलं नाही.

भट्टी उघडायची घाई तर मला विचारूच नका. आत दोनशे अंश असताना मी एकदा झाकण उचललं आणि बारा कप टणाटण तडकले. "उतावळा नवरा!" एवढंच म्हणालात, पुढचं बाशिंग माझं मीच जोडलं. आणि तो वीज जाण्याचा दिवस आठवतो? अकराशेचाळीसवर भट्टी आणि वसाहतीतली वीज गेली. मी डोकं धरून बसलो. बापाचं फुंकायचं आठवून रडू यायचं बाकी होतं. तुम्ही भट्टीच्या बघायच्या भोकातून आत बघितलंत नि म्हणालात, "झाकण उघडू नकोस, शिव्या देऊ नकोस, आणि मला जरा चहा कर." चाळीस मिनिटांनी वीज आली. ती भट्टी सबंध चांगली निघाली. तुम्ही नसतात तर मी ती त्याच दिवशी भंगारात विकली असती, खरं सांगतो.

एकदा तुम्हीच हट्ट धरलात की मांडवीच्या किनाऱ्यावरची काळी वाळू घालून बघायची. तिच्यात लोखंड आहे म्हणालात. आपण दोघं पिशवी घेऊन गेलो, तुम्ही साडी खोचून खाली बसलात आणि कागदात गुंडाळलेलं लोहचुंबक काढून वाळूवर फिरवायला लागलात. तुमच्या दोन जुन्या विद्यार्थिनी मुलांना घेऊन फिरायला आल्या होत्या, त्या लांबूनच वळल्या. बाईंना वेड लागलं असं गावभर झालं. त्या वाळूनं झिलईला फणसाच्या आठळीसारखा तपकिरी रंग आला, वर बारीक ठिपके. तुम्ही इतक्या हरखलात की मला वाटलं आता तुम्ही पण नाचता.

शेंदराचं भांडण मात्र आपलं कायमचंच. शेंदूर म्हणजे शिसंच. चिमूटभर घातला की कसलीही हट्टी झिलई नऊशे-हजारालासुद्धा लोण्यासारखी वितळते. माल देणारा दलाल मला दर खेपेला सांगायचा, साहेब, सगळे घालतात. मी तुमच्यापुढे विषय काढला की तुम्ही हातातलं काम ठेवायचात. "लोक त्यातून चहा पिणार ना?" हो. "पोरं दूध पिणार ना?" हो बाई. "मग?" मी नुसता आवाज चढवायचो. तुम्ही मुंबईहून एसटीच्या पार्सलनं फ्रिट मागवायला लावलंत, म्हणजे टाकणखार घालून आधीच वितळवून दळलेली काच, शिसं नसलेली. ते महाग, उशिरा येणारं, पण तेच घ्यायचं. आज कबूल करतो, तुम्ही तिथं अडून बसलात म्हणून मी रात्री स्वस्थ झोपतो.

सोळा झिलया फुकट गेल्या. सतरावी जमली. ओल्या खोबऱ्यासारखी पांढरी, हाताला मऊ, चमचा घासला तरी ओरखडा नाही. मला तेव्हाच गावभर सांगत सुटायचं होतं. तुम्ही म्हणालात, तीन भट्ट्या सारख्या निघाल्याशिवाय जमली म्हणायचं नाही. तीन निघाल्या. सहा निघाल्या. वर्षभर निघत राहिल्या. पहिल्या कपातला पहिला चहा तुम्ही घेतलात, बिनसाखरेचा, आणि म्हणालात, "आता ही कृती कागदावर नीट लिही आणि ज्याला हवी त्याला दे." मी उडालोच. एवढा जीव तोडून मी शोधायची आणि आयत्या बिळात नागोबा शिरू द्यायचे? "मी तुला शिकवलं तेव्हा वर्गाचं दार लावून घेतलं होतं का रे?" तुम्ही विचारलंत. ते भांडण राहूनच गेलं. त्याबाबतीत मी अजून हरलेलो नाही बरं का, सांगून ठेवतो.

आता मे महिना. हे लिहायला सकाळपासून टाळाटाळ केली.

यंदा एप्रिल संपता संपता वसाहतीच्या नळाला दिवसाआड पाणी, मग चार दिवसांआड. गुहागरच्या एका खानावळवाल्यांची कपबशांची मोठी मागणी हातात होती. माती आधीच मळून ठेवलेली, कच्चे कप भाजून तयार. राहिली फक्त झिलई. भाट्याच्या खाडीकडे माझ्या एका मित्राची वाडी आहे, तिथल्या विहिरीवरून मी टेम्पोत पिंपं भरून आणली. प्यायचं पाणी मी घरून कळशीत आणायचो, त्यामुळे पिंपाचं पाणी कुणी तोंडात घेतलंच नाही. त्या पाण्यात सतरा नंबर कालवली. जरा घट्ट वाटली, म्हणून आणखी पाणी घातलं. परत घट्ट, परत पाणी. पहिली भट्टी उघडली तर कपांच्या कडांना फोड आणि पोटावर टक्कल पडल्यासारखे चट्टे. दुसरी तशीच. हे दोन्ही माझे हात, बाई, झिलईची बादली मीच ढवळली, आणि तरी मला सुचलं नाही.

तुम्ही निरोप मिळताच आलात. नेमके खानावळवालेही माल बघायला आले होते, खुर्चीवर बसून पान चघळत होते. तुम्ही एक एक विचारायला लागलात. फेल्डस्पार? त्याच गोणीतला. फ्रिट? तेच पार्सल. वजनं? तुमचाच तराजू. खडू? तोच. पाणी?

"पाण्यात काय बदलायचंय बाई? पाणी ते पाणी!"

मी असा काही बोललो की खानावळवाले फस्सकन हसले. त्यांच्या हसण्यानं मला चेव आला. मग जे तोंडाला येईल ते. फळ्यावर सगळंच वितळतं बाई, भट्टीत काय होतं ते तुम्हाला काय कळणार. तुमच्या आकडेमोडीपायी माझं नाव गेलं. शेंदूर घातला असता तर ही वेळ आली नसती. तुम्ही फोड आलेला एक कप हातात घेऊन उभ्या होतात. तो हळूच टेबलावर ठेवलात, जणू तो चांगला कप आहे. "माझं कुठंतरी चुकलं असेल. बघते," म्हणालात. छत्री घेतलीत आणि निघालात. तराजू तिथंच राहिला. मला वाटलं, टोमणा मारून गेल्या. मी दारापर्यंतसुद्धा आलो नाही.

जुलैत नळ सुरळीत झाला. नवी बादली कालवली, भट्टी लावली, आणि सतरा नंबर पहिल्यासारखी स्वच्छ निघाली. मी म्हटलं, व्होल्टेज सुधारलं असेल. मग एका दुपारी जेवून चूळ भरायला चुकून कोपऱ्यातल्या शेवटच्या पिंपातलं पाणी घेतलं. थू! मचूळ. खाडीकडच्या विहिरीला उन्हाळ्यात खारं पाणी येतं हे इथं शेंबड्या पोराला ठाऊक, आणि मी कुंभार, पाण्यावर जगणाऱ्याचा पोरगा, मला त्याची आठवण राहिली नाही! त्याच दिवशी दोन लहान बादल्या केल्या. सतरा नंबरच दोन्हीत, त्याच गोणीतली, एकीत नळाचं पाणी, दुसरीत पिंपाचं. एकच गोष्ट बदलली, बाई. तुम्ही समोर नसताना पहिल्यांदा. पिंपाची बादली डोळ्यांदेखत दह्यासारखी घट्ट झाली. म्हणजे मी पाणी घालघालून थर पातळ करत होतो, आणि मीठ सुकताना मिठागरासारखं कडेला गोळा होत होतं. भट्टी उघडली तर एक कप गुळगुळीत आणि शेजारचा फोडांनी भरलेला. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण तुम्ही मला शंभरदा ऐकवली असेल. या खेपेला अंगण खरंच वाकडं होतं हो, आणि ते मीच घालून ठेवलेलं.

तेव्हाच सायकल काढायला हवी होती. नाही काढली. आधी वाटलं, नुसतं तोंड घेऊन कसं जाणार, चांगले कप घेऊन जाऊ. मग वाटलं, तीन भट्ट्या सारख्या निघू देत, तुमचाच नियम. तीन निघाल्या. मग म्हटलं, गणपती झाले की जातो, बापानं केलेल्या मूर्ती रंगवायच्या आहेत. खरं कारण सांगू? मला तुमचं ते चष्म्यावरून बघणं नको होतं. तुम्ही काही बोलला नसतात, एवढंच विचारलं असतंत, "कशानं झालं?" आणि मला म्हणावं लागलं असतं, माझ्यानं. ते एक वाक्य गिळत मी दोन महिने काढले. गौरी-गणपती गेल्यावर पाचव्या दिवशी दूधवाल्यानं सांगितलं, बाई सकाळी पाणी तापवायला उठल्या आणि चुलीपाशीच बसल्या त्या बसल्याच. मी त्याच्यावरच ओरडलो, काय वाट्टेल ते बोलू नकोस म्हणून.

आता काल. वहिनींनी मला तुमच्या टेबलापाशी नेलं. जुन्या उत्तरपत्रिकांच्या पाठकोऱ्या कागदांचा ढीग होता, आणि प्रत्येक कागदावर सतरा नंबर. फेल्डस्पार इतका, फ्रिट इतकं, खडू इतका. एकदा मांडलेलं, पुन्हा मांडलेलं, वेगळ्या रीतीनं पडताळलेलं. "मे महिन्यापासून हेच चाललं होतं बघ," वहिनी म्हणाल्या. "रोज दुपारी बसायच्या. मी म्हणायचे, वन्सं, पुरे आता, डोळे जातील. तर म्हणायच्या, माझ्यामुळं पोराचं नाव गेलंय, सापडल्याशिवाय कशी थांबू?"

बाई, मी तो ढीग जवळ ओढला.

सगळ्यात वरच्या कागदावर तुम्ही यादी केली होतीत. काय काय बदललं असेल त्याची. एकेका नावापुढे बारीक अक्षरात शेरा. फेल्डस्पार, तीच गोण. फ्रिट, तेच पार्सल. वजनं, तपासली. आणि पाण्यापुढे लिहिलं होतंत, "बदल नाही. त्याला विचारलं आहे." त्याच्याखाली एक रेघ, आणि रेघेखाली, "चूक सापडत नाही. माझीच असणार. पुन्हा पहिल्यापासून."

माझ्या एका उर्मट शब्दावर विश्वास ठेवून तुम्ही पाणी यादीतून बाद केलंत. चार महिने जिथं चूक नव्हती तिथं ती शोधत बसलात. जाताना तुमची समजूत तीच होती. मी रागावलो होतो, एवढं तुम्हाला माहीत होतं, आणि मी खोटा ठरू शकतो हे तुमच्या मनातसुद्धा आलं नाही.

मी वहिनींकडे पेन्सिल मागितली. तुमचं "बदल नाही" खोडलं, आणि पुढे लिहिलं, "बदल होता. पाणी खाडीकडचं, मचूळ. गणित बरोबर." खाली सही केली. वहिनी बघत होत्या. म्हणाल्या, "आता कशाला लिहितोस रे? वाचणार कोण?"

मी पेन्सिल त्यांच्या हातात परत दिली. "पाणी?" असं तुम्ही विचारलं होतंत, म्हणून लिहिलं, बाई.